बँक पीओची मुलाखत: 'इंजिनीअर होऊन बँकेत का?' याची तयारी कशी करावी?

औशाचा_इंजिनीअर

नमस्कार मंडळी. सरकारी बँकांत अधिकारी (प्रोबेशनरी ऑफिसर) भरणाऱ्या आयबीपीएस पीओ परीक्षेची मेन्स, म्हणजे मुख्य लेखी परीक्षा निघाली, मुलाखतीचं पत्र आलंय. केंद्र मुंबई. घरात सगळे खूश आहेत, पण आमच्या भावकीत बँकेत ऑफिसर झालेलं कुणी नाही, त्यामुळं विचारायचं कुणाला हा प्रश्न पडलाय.

थोडी माहिती देतो. गाव औसा तालुक्यात, जिल्हा लातूर. मेकॅनिकल लातूरलाच केलं. नंतर चाकणला पार्ट बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात क्वालिटीला होतो. अभ्यासासाठी ती नोकरी सोडली. घरी साडेचार एकर रान, सोयाबीन आणि तूर. बोअर आहे पण उन्हाळ्यात त्याचा भरवसा नाही. शिक्षणासाठी कर्ज काढलं होतं, त्याचे हप्ते अजून चालू आहेत.

क्लासवाल्यांनी शंभरेक प्रश्नोत्तरांची पीडीएफ दिलीय, ती पाठ करतोय. पण 'इंजिनीअर होऊन बँकेत का' याचं त्यातलं उत्तर माझ्याच तोंडी परकं वाटतं. दुसरं म्हणजे इंग्रजी. लिहिता-वाचता येतं, बोलताना अडखळतो. आणि नोकरी सोडून अभ्यास केला तो काळ कसा सांगायचा?

जाणकारांनी सांगावं ही विनंती.

रानपाखरू

अभिनंदन भावा! मेन्स निघणं हेच मोठं काम आहे. मला फक्त एवढंच माहीत आहे की अंतिम यादीत मेन्सचं वजन ८० आणि मुलाखतीचं २०. बाकी जाणकार सांगतीलच. वाचतोय.

निवृत्त_शाखाधिकारी

अभिनंदन. मी सरकारी बँकेतून निवृत्त झालो, नोकरीत असताना अशा मुलाखती घेणाऱ्या बोर्डांवर बसलेलो आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ती पीडीएफ आधी बाजूला ठेव. त्याच क्लासची मुलं एकामागून एक आत येतात आणि 'बँकिंग हा अर्थव्यवस्थेचा कणा आहे' हे वाक्य बोर्ड सकाळपासून ऐकत असतो. समोर चार-पाच माणसं असतात, बहुतेक सगळी बँकेत आयुष्य काढलेली. त्यांच्या हातात तुझा बायोडेटा असतो आणि वेळ असतो पंधरा-वीस मिनिटं. तेवढ्यात त्यांना एकच गोष्ट बघायची असते: उद्या या मुलाला शाखेत खुर्ची दिली आणि समोर शेतकरी किंवा दुकानदार येऊन बसला, तर हा त्याच्याशी सरळ, समजून आणि खरं बोलेल का?

आता तू वर दिलेली माहिती बोर्डाच्या नजरेनं वाच. त्यातूनच निघणारे प्रश्न सांगतो.

साडेचार एकर म्हणजे किती हेक्टर? साधारण १.८. मग वडील अल्पभूधारक की अत्यल्पभूधारक? एक हेक्टरपर्यंत अत्यल्प, एक ते दोन हेक्टर अल्प, म्हणजे ते अल्पभूधारक. हे बँकेला कशाला हवं? कारण बँकेला एकूण कर्जाच्या ४० टक्के अग्रक्रम क्षेत्राला (शेती, लहान उद्योग अशा ठरवून दिलेल्या क्षेत्रांना) द्यावे लागतात, त्यात शेतीला १८ आणि त्या १८ मधले १० अल्प आणि अत्यल्प भूधारकांना. तुझे वडील त्या १० टक्क्यांत बसतात. हा आकडा पुस्तकातून पाठ केलास तर विसरशील, वडिलांच्या नावाशी जोडलास तर जन्मात विसरणार नाहीस.

पीककर्ज बँकेचं आहे की सोसायटीचं? सोसायटीचं असेल तर गावची विकास सोसायटी, वर जिल्हा मध्यवर्ती बँक, त्याच्या वर राज्य सहकारी बँक ही तीन पायऱ्यांची रचना सांगता आली पाहिजे. बँकेचं असेल तर किसान क्रेडिट कार्डाची मर्यादा कशी ठरते ते. जिल्हास्तरीय समिती दर पिकाला हेक्टरी किती कर्ज द्यायचं ते ठरवते. त्याला क्षेत्रानं गुणायचं, त्यात घरखर्च आणि काढणीनंतरच्या खर्चासाठी १० टक्के, अवजारं-गोठा यांच्या देखभालीसाठी २० टक्के, शिवाय विम्याचे पैसे. ही झाली पहिल्या वर्षाची मर्यादा. पुढे पाचव्या वर्षापर्यंत दरसाल १० टक्के वाढ.

व्याज किती? तीन लाखांपर्यंत ७ टक्के. वेळेत भरलं की केंद्राकडून ३ टक्क्यांची सूट, उरले ४. आपल्या राज्यात डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे वेळेत फेडणाऱ्याला ते शून्यावर येतं. मग वडील दरवर्षी 'नवं-जुनं' करतात का, म्हणजे जुनं कर्ज भरून लगेच नवं उचलतात का? का करतात? या एका प्रश्नावर तू पाच मिनिटं बोलू शकलास तर बोर्डाचा सूर बदलतो, हे मी टेबलाच्या पलीकडून पाहिलेलं आहे.

म्हणून माझा सल्ला: तयारीची सुरुवात वडिलांच्या पीककर्जाच्या पासबुकापासून कर. सातबारा काढ, 'इतर हक्क' या रकान्यात बँकेचा बोजा कसा लिहिलाय ते बघ, आठ अ (खातेदाराच्या सगळ्या जमिनीचा उतारा) बघ. मग औशाला शाखेत जा आणि कर्ज विभागात काय चालतं ते डोळ्यांनी बघ.

कर्ज_विभागातून

काकांशी सहमत. मी स्वतः इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनीअर, सध्या विदर्भात एका शाखेत ॲडव्हान्सेसला, म्हणजे कर्ज विभागात आहे. 'इंजिनीअर होऊन बँकेत का' हा प्रश्न मलाही पहिल्याच मिनिटाला आला होता.

दादा, तुझ्याकडं या प्रश्नाला जे उत्तर आहे ते पुष्कळांकडं नसतं. तू लहान कारखान्यात होतास. शाखेत माझ्याकडं जॉबवर्क करणारे येतात, व्हीएमसी (धातूचे भाग कापणाऱ्या) मशीनचं कोटेशन घेऊन. मशीन किती वर्षं चालेल, सेकंडहँड घेतलं तर त्याची किंमत किती धरायची, एका शिफ्टमध्ये किती नग निघतील, प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये सीएनं दाखवलेली विक्री त्या मशीनवर होणं शक्य आहे का? हे ज्याला कळतं तो अधिकारी प्रकरण वाचतानाच चूक पकडतो. मेकॅनिकलचा खरा उपयोग इथं आहे, आणि लातूरला तर डाळमिल आणि तेलमिलांची सगळीच प्रकरणं यंत्रावर उभी असतात.

पण हे बोललास की पुढचे प्रश्न येणारच, ते तयार ठेव. सूक्ष्म आणि लघु उद्योगाची व्याख्या १ एप्रिल २०२५ पासून बदललीय: सूक्ष्मला गुंतवणूक अडीच कोटी आणि उलाढाल १० कोटींपर्यंत, लघुला २५ कोटी आणि १०० कोटी. जुन्या पुस्तकांत एक आणि पाच कोटी आहे, ते सांगू नको. तारण नसलेल्या उद्योजकाला कर्ज कसं द्याल? तर सीजीटीएमएसई या लहान उद्योगांच्या कर्जाला हमी देणाऱ्या न्यासाची हमी. खेळतं भांडवल किती द्याल? रिझर्व्ह बँकेच्या नायक समितीच्या पद्धतीनं अपेक्षित उलाढालीच्या २० टक्के. मुद्रामध्ये शिशु ५० हजारांपर्यंत, किशोर पाच लाख, तरुण दहा लाख, आणि तरुणचं कर्ज नीट फेडलेल्याला तरुण प्लसमध्ये वीस लाख.

इंग्रजीचं म्हणशील तर मी बसल्याबसल्या विचारलं होतं, 'सर, हिंदीत उत्तर दिलं तर चालेल का?' लगेच हो म्हणाले. ओळख इंग्रजीत सांगितली, बाकी मुलाखत हिंदीत झाली. एकच काळजी घे: बँकेचे शब्द तेच ठेव. रेपो, एनपीए (थकून अनुत्पादक ठरलेलं कर्ज), मॉर्गेज, प्रोव्हिजन यांचं अवघड हिंदी करत बसू नको.

औशाचा_इंजिनीअर

काका, ताई, मनापासून धन्यवाद. काल रात्री वडिलांशी बसून पासबुक बघितलं. इतकी वर्षं ते कपाटात होतं, मी कधी उघडलं नव्हतं. कर्ज गावाजवळच्या बँकेचंच आहे, सोसायटीचं नाही.

'बँकेत का' याचं उत्तर लिहून बघितलं. मराठीत देतो, नंतर हिंदी-इंग्रजी करीन:

'सर, बँकिंग हे वेगानं वाढणारं क्षेत्र आहे. मला आव्हानं स्वीकारायला आवडतात. सरकारी नोकरीत स्थैर्य आहे आणि समाजाची सेवा करण्याची संधी आहे. माझी विश्लेषणक्षमता बँकेला उपयोगी पडेल.'

कसं वाटतं?

निवृत्त_शाखाधिकारी

यातली चारही वाक्यं कुणाच्याही तोंडी घालता येतात. औसा, चाकण, सोयाबीन, शैक्षणिक कर्ज, काही म्हणजे काही दिसत नाही. 'विश्लेषणक्षमता' म्हणालास की मी लगेच म्हणेन, 'एक उदाहरण द्या.' आहे का तयार?

स्थैर्य हवं असण्यात गैर काही नाही, ते सांगायलाही लाजू नको. पण ते शेवटी सांग. आधी हे सांग की बँकेशी तुझा संबंध कुठे आला. चाकणला मालक कर्ज घेत होते का? त्यांचे कागद तू कधी पाहिलेस का? तुझं शैक्षणिक कर्ज कुणी मंजूर केलं, काय अडचणी आल्या? तिथून सुरुवात कर.

सई_एचआर

मी खासगी कंपनीत भरतीचं काम बघते. काकांचा मुद्दा पटतो, पण एका ठिकाणी मतभेद आहे. 'पाठांतर बाजूला ठेव' हे अडखळणाऱ्या मुलाला सांगणं मला धोक्याचं वाटतं. पहिली दोन मिनिटं घशाला कोरड पडलेली असते. तेव्हा ओळखीची पाच-सहा वाक्यं अगदी तोंडात बसलेली असावीत. नाव, गाव, शिक्षण, काम, घर. ती मोठ्यानं म्हणायचा सराव कर, मनातल्या मनात नको. फोनवर रेकॉर्ड करून ऐक. वाक्याच्या शेवटी आवाज पडतो का ते बघ, आपल्याकडच्या मुलांचा हमखास पडतो.

गॅपबद्दल: एका वाक्यात खरं सांगायचं आणि थांबायचं. 'परीक्षेच्या तयारीसाठी नोकरी सोडली, त्या काळात घरच्या शेतीतही लक्ष घातलं.' बस. लांबण लावली की समोरच्याला वाटतं, काहीतरी लपवतोय.

निवृत्त_शाखाधिकारी

सईताई, ओळखीबाबत तुमचं म्हणणं मान्य. तेवढी वाक्यं घोटवलेली असावीत. माझा आक्षेप उसन्या उत्तरांना आहे.

औशाचा_इंजिनीअर

दोन दिवस विचार केला. हे बघा आता:

'सर, चाकणच्या कारखान्यात मी क्वालिटीला होतो, पण युनिट लहान असल्यानं मालकांना बँकेचे कागद जुळवून द्यायचं कामही माझ्याकडं आलं. मशीनचं कोटेशन, महिन्याचं स्टॉक स्टेटमेंट. एकदा मोठ्या गिऱ्हाइकाचं पेमेंट अडकलं आणि पगार होतो की नाही अशी वेळ आली. तेव्हा बँकेनं कर्जाची मर्यादा तात्पुरती वाढवून दिली आणि आमचे पगार झाले. त्या अधिकाऱ्यानं आधी कारखान्यात येऊन माल स्वतः मोजला होता. माझं स्वतःचं शिक्षण बँकेच्या कर्जावर झालं, वडिलांची पेरणी बँकेच्या कर्जावर होते. कर्ज घेणाऱ्याची बाजू मी जवळून बघितली आहे, आता पलीकडं बसून ते काम करायचं आहे. आणि हो, स्थिर नोकरीही मला हवी आहे.'

कर्ज_विभागातून

हे फार चांगलं आहे. माल मोजणारा अधिकारी तर नक्की ठेव.

आता यातून काय विचारतील ते बघ. 'स्टॉक स्टेटमेंट कशाला मागतो आम्ही?' ड्रॉइंग पॉवर, म्हणजे मर्यादेतून प्रत्यक्ष किती उचल देता येते ते काढायला. माल आणि येणी यांची बेरीज, त्यातून न फेडलेली देणी आणि मार्जिन (कर्जदारानं स्वतः घालायचा हिस्सा) वजा. स्टेटमेंट तीन महिन्यांपेक्षा जुनं असेल तर काय? खातं अनियमित धरतात, आणि ते तसंच ९० दिवस राहिलं तर एनपीए होऊ शकतं. 'तात्पुरती वाढवलेली मर्यादा' याला बँकेत ॲडहॉक म्हणतात. तुझ्या उत्तरातल्या प्रत्येक नामाच्या मागं दोन प्रश्न उभे आहेत, असं धरून चाल.

शैक्षणिक कर्जाचंही तसंच. चार लाखांपर्यंत तारण आणि मार्जिन नाही, अभ्यासक्रम संपल्यावर एक वर्षानं हप्ते सुरू, फेड पंधरा वर्षांपर्यंत. तुझं किती होतं, व्याजदर काय, अजून किती बाकी? हे आकडे तोंडपाठ पाहिजेत. स्वतःच्या कर्जाचा व्याजदर ज्याला माहीत नाही, तो ग्राहकाला काय समजावणार?

आणि महत्त्वाचं: हप्ते थकलेले नाहीत ना? रुजू होताना बँका सिबिल (कर्जफेडीची नोंद) बघतात, जाहिरातीतच तसं कलम असतं. थकबाकी दिसत असेल तर ती भरून नोंद दुरुस्त करून घ्यावी लागते किंवा कर्ज देणाऱ्या बँकेचं ना-हरकत पत्र द्यावं लागतं. आजच रिपोर्ट काढ. दरवर्षी एकदा पूर्ण रिपोर्ट मोफत मिळतो.

औशाचा_इंजिनीअर

ताई, हप्ते वेळेवर आहेत. रिपोर्ट काढतो.

एक नाजूक प्रश्न आहे. वडिलांचं पीककर्ज मधल्या दुष्काळात थकलं होतं आणि नंतर कर्जमाफीत बसलं. बोर्डानं विचारलं तर सांगायचं का? आणि 'कर्जमाफी योग्य का' असं विचारलं तर काय बोलू? मनापासून सांगायचं तर ती माफी झाली नसती तर आमचं घर उभं राहिलं नसतं.

निवृत्त_शाखाधिकारी

विचारलं तर सांग, मान खाली न घालता सांग. दुष्काळात थकलेला शेतकरी आणि मुद्दाम बुडवणारा कर्जदार यांतला फरक त्या टेबलावरच्या प्रत्येकाला माहीत आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमांतही तो दिसतो. इतर कर्ज ९० दिवस थकलं की एनपीए, पण सोयाबीनसारख्या कमी मुदतीच्या पिकाचं कर्ज दोन हंगाम थकल्यावर एनपीए होतं. नैसर्गिक आपत्ती जाहीर झाली की कर्जाचं पुनर्गठन करता येतं, म्हणजे फेडीची मुदत नव्यानं बांधून देता येते. हे सांगितलंस तर घरची गोष्ट आणि बँकेचा नियम दोन्ही तुला कळतात हे दिसेल.

योग्य की अयोग्य यावर दोन्ही बाजू मांड. राज्यात २०१७ ते २०१९ मध्ये दोन मोठ्या योजना झाल्या. २०१७ ची छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना, दीड लाखांपर्यंत. २०१९ ची महात्मा जोतिराव फुले कर्जमुक्ती योजना, दोन लाखांपर्यंत. अडचणीतल्या घराला त्यानं श्वास मिळाला हे तू पाहिलंस, ते सांग. त्याचबरोबर नियमित भरणाऱ्याच्या मनात 'मी भरलं ती चूक झाली का' असं येतं, आणि माफीची आशा लागली की गावात वसुली थांबते, हेही सांग. २०१९ च्या योजनेत नियमित फेडणाऱ्यांना ५० हजारांपर्यंत प्रोत्साहन रक्कम ठेवली गेली ती याच कारणानं. सरकारचं किंवा पक्षाचं नाव घ्यायची गरज पडत नाही. तुझं मत विचारलं तर मत दे, कारणासकट दे. गुळमुळीत बोलू नको.

रानपाखरू

धागा वाचनखूण म्हणून साठवला. जिल्ह्याविषयी पण विचारतात ना?

उदगीरचा_वाचक

विचारतात. मी बोर्डाबद्दल सांगू शकत नाही, पण आपल्या जिल्ह्याबद्दल सांगतो. लातूर जिल्हा १६ ऑगस्ट १९८२ ला उस्मानाबादपासून वेगळा झाला. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप, आणि किल्लारी तुझ्याच औसा तालुक्यात आहे, त्यामुळं हा प्रश्न धरूनच चाल. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणलं. तिथून पुढचा प्रश्न येतो: पाणी नसलेल्या भागात बँक काय करू शकते? ठिबक, शेततळं, गोदाम पावतीवर कर्ज. सोयाबीनचा भाव पडलेला असताना माल गोदामात ठेवून पावतीवर उचल घेता येते, हे आपल्या जिल्ह्यातल्या मुलाला माहीत असलंच पाहिजे. आणि हो, यंदाचा सोयाबीनचा हमीभाव आणि लातूर बाजार समितीतला आदल्या दिवशीचा भाव, दोन्ही.

सई_एचआर

रेपो दर, सीआरआर, एसएलआर (रिझर्व्ह बँकेचा व्याजदर आणि बँकांनी राखून ठेवायची प्रमाणं) हे मुलाखतीच्या आदल्या रात्री रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर बघून घे. पतधोरण समिती दर दोन महिन्यांनी बसते, छापील पुस्तकातला आकडा शिळा झालेला असू शकतो.

कपडे साधे: फिक्या रंगाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, गडद पँट, पॉलिश केलेले बूट. बूट नवीन घेतलेस तर आधी आठवडाभर घालून फिर, चावणारे बूट घालून माणूस शांत बसू शकत नाही.

औशाचा_इंजिनीअर

आज औशाला शाखेत जाऊन आलो, वडिलांना घेऊन. कृषी अधिकारी मॅडमनी गर्दी ओसरल्यावर बसवून घेतलं. नवं-जुनं करायला आलेल्या एका आजोबांना त्यांनी तीनदा समजावलं की आज व्याजासकट भरलं तरच शून्य टक्क्याचा लाभ, उद्या तारीख उलटली की गेला. आजोबांकडं पैसे होते, पण निम्मे जावयाला द्यायचे ठरले होते. मॅडमनी त्यांच्यासमोर कागदावर दोन्ही हिशेब मांडून दाखवले. आजोबा कागद घेऊन बाहेर गेले, जावयाशी बोलले आणि परत येऊन पूर्ण भरून गेले. 'अधिकाऱ्याचं काम काय' असं विचारलं तर मी हेच सांगणार आहे.

आता शेवटचं, कागदपत्रं. ओबीसीतून फॉर्म भरलाय. नॉन-क्रिमीलेअर तहसीलमधून काढलेलं आहे, तेच चालेल ना?

कर्ज_विभागातून

थांब, इथं आपल्याकडची खूप मुलं अडकतात. राज्याच्या नमुन्यातलं नॉन-क्रिमीलेअर आयबीपीएसला चालत नाही. केंद्र सरकारच्या नमुन्यातलं वेगळं काढावं लागतं, त्यात नॉन-क्रिमीलेअरचा उल्लेख हवा आणि तारीख जाहिरातीत दिलेल्या अटीत बसली पाहिजे. जात केंद्राच्या ओबीसी यादीत आहे का तेही तपास, राज्याच्या आणि केंद्राच्या यादीत फरक असतो. व्हीजेएनटी (भटके-विमुक्त), एसबीसी (विशेष मागास) असे वेगळे प्रवर्ग केंद्रात नाहीत, त्यांनीही तीच यादी बघावी. सोमवारी तहसीलला जाऊन 'केंद्राचा नमुना' असं स्पष्ट सांगून अर्ज दे.

बाकी मूळ कागद, साक्षांकित प्रती, मुलाखतीचं पत्र, ओळखपत्र. दहावीच्या प्रमाणपत्रावरचं नाव, आधारवरचं नाव आणि अर्जातलं नाव अक्षरशः सारखं आहे का ते आजच बघ. वडिलांचं नाव एका कागदावर 'राव' लावून आणि दुसऱ्यावर 'राव'शिवाय असणं आपल्याकडं नेहमीचं आहे. तसं असेल तर प्रतिज्ञापत्र करून सोबत ठेव.

निवृत्त_शाखाधिकारी

आणि मुंबईला आदल्या दिवशी पोच. रात्रीच्या गाडीनं येऊन थेट केंद्रावर जाऊ नको. त्या आजोबांचा हिशेब आकड्यांसकट वहीत लिहून ठेव, बोर्ड रक्कम आणि व्याज विचारील.